एक वक्कल अडलं म्हणून अख्खी गाडी परत नको: डेटाबेसमध्ये सेव्हपॉइंट वापरायची रीत

जुन्नर-ओतूरकडून निघालेली कांद्याची गाडी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळ्यासमोर लागते. गाडीत एकाच शेतकऱ्याचा माल असेल असं नाही. पाच-सात जणांची वक्कलं, म्हणजे एकेका शेतकऱ्याच्या मालाचे गट, असतात. प्रत्येकाच्या गोण्या वेगळ्या, उचल (आधी घेतलेली रक्कम) वेगळी, पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) वेगळी. मेहताजी, म्हणजे गाळ्याचा हिशेबनीस, बिल्टी (गाडीसोबत आलेला मालाचा कागद) समोर ठेवून एकेक ओळ संगणकात भरतो. सहाव्या ओळीवर शेतकऱ्याचा कोड चुकतो आणि स्क्रीन सांगते की गाडीची नोंद झाली नाही. आधीच्या पाच बरोबर ओळीही गेल्या.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सगळं नियमाप्रमाणे झालेलं असतं. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदी, सगळं किंवा काहीच नाही: कमिट म्हटलं की सगळ्या कायम होतात, रोलबॅक म्हटलं की सगळ्या पुसल्या जातात. पण गाळ्यावर माल असा हाताळत नाहीत. ज्या वक्कलाचा मालक कळत नाही ते भिंतीला लावून ठेवतात आणि बाकीचा माल विकायला घेतात. गाडी कोणी परत ओतूरला धाडत नाही. सेव्हपॉइंट नेमकं हेच करू देतो: ट्रान्झॅक्शन चालू असताना मध्ये खूण करायची, पुढे काही बिघडलं तर त्या खुणेपर्यंतच मागे यायचं, आणि खुणेच्या आधीचं काम शाबूत ठेवायचं.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात सेव्हपॉइंट आला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तो २००५ च्या ८.० आवृत्तीपासून आहे, एसक्यूलाइटमध्ये २००९ च्या ३.६.८ पासून. म्हणजे गोष्ट जुनी आहे. तरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ऑफिसांतले कोड वाचले की दोनच टोकं दिसतात: एक तर सेव्हपॉइंट कुठेच नाही, नाहीतर फ्रेमवर्कच्या (प्रोग्रामच्या तयार सांगाड्याच्या) कृपेने प्रत्येक फंक्शनला एक. दोन्हीकडे एक प्रश्न कोणी विचारलेला नसतो, की कोणती चूक माफ करायची आणि कोणती नाही. सुरुवात तिथून करू.

खालची उदाहरणं पोस्टग्रेसची आहेत. बाकीच्या डेटाबेसांचे फरक पुढे येतील. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर कीवर्ड आणि आकडे नेहमीच्या रोमन रूपातच टाइप करावे लागतील. टेबलांची आणि रकान्यांची नावं मात्र पोस्टग्रेस देवनागरीतही घेतं.

पहिली पायरी: कागद आणि मेहताजी

एका गाडीची नोंद म्हणजे टेबलांत नेमकं काय होतं ते लिहून काढा. आपल्या उदाहरणात गाडी या टेबलात एक ओळ जाते: क्रमांक, तारीख, एकूण गोण्या, भाडं. हमाली या टेबलात एक ओळ जाते. मग प्रत्येक वक्कलामागे तीन नोंदी होतात: वक्कल टेबलात एक, गाळ्याच्या साठ्यात एक, आणि शेतकऱ्याच्या खात्यावर गाडीभाड्याचा त्याचा वाटा नावे टाकायला एक.

आता प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून मेहताजींना विचारा, ‘ही अडली तर काय करायचं?’ उत्तरं साधारण अशी येतात.

गाडीचीच ओळ अडली, म्हणजे त्याच बिल्टीवर तीच गाडी आधीच चढलेली आहे, तर पुढे काहीच करायचं नाही. सगळं परत.

वक्कलाच्या तीन नोंदींपैकी एक अडली तर त्या वक्कलाच्या तिन्ही जातील. बाकीची वक्कलं राहतील. साठ्यात गोण्या चढल्या आणि शेतकऱ्याच्या नावे भाडं पडलंच नाही, असं अर्धवट काही चालणार नाही.

आणि हमाली? इथे बहुतेक प्रोग्रामर चुकीचा अंदाज बांधतात. हमाली वक्कलागणिक मोजली जाते, म्हणून ती वक्कलाच्या नोंदींसोबत ठेवावी असं वाटतं. पण गोण्या माथाडी कामगारांनी गाडीतून उतरवल्या आहेत. त्या कोणाच्या आहेत हे कळो न कळो, उतरवण्याची मजुरी देणं आहेच. शेतकऱ्याचा कोड चुकला म्हणून हमालीची नोंद पुसली गेली तर संध्याकाळी टोळीच्या मुकादमाशी वाद ठरलेला. म्हणून हमालीची नोंद खुणेच्या आधी, गाडीच्या पातळीवर.

शेवटची अट बेरजेची. चढलेल्या गोण्या अधिक बाजूला ठेवलेल्या गोण्या म्हणजे गाडीच्या एकूण गोण्या. हे जुळलं नाही तर पुन्हा सगळं परत.

या चार उत्तरांवरून सेव्हपॉइंटची जागा आपोआप ठरते: गाडी आणि हमाली यांच्या नंतर, प्रत्येक वक्कलाच्या आधी. खूण कुठे करायची हा निर्णय तांत्रिक नाही, आणि तो प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी पायरी: हाताने करून बघा

कोडात घालण्याआधी पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचं टर्मिनल) उघडून हे एकदा स्वतः टाइप करा. गाडी, वक्कल, शेतकरी आणि अडकलेल्या अशी चार छोटी टेबलं पुरतात. वक्कल टेबलातल्या शेतकरी रकान्यावर फॉरिन की (शेतकरी टेबलात नसलेला कोड नाकारणारं बंधन) हवी, आणि अडकलेल्या या टेबलात मात्र कुठलंच बंधन नको. तिथे कोड हा साधा मजकूर म्हणून ठेवा, कारण चुकलेला कोड जसा लिहिला होता तसाच जपायचा आहे.

बिगिन;
इन्सर्ट इनटू गाडी (क्रमांक, गोण्या) व्हॅल्यूज (११, ६५);

सेव्हपॉइंट ओळ;
इन्सर्ट इनटू वक्कल (गाडी, शेतकरी, गोण्या) व्हॅल्यूज (११, ४०२, ४०);
रिलीज सेव्हपॉइंट ओळ;

सेव्हपॉइंट ओळ;
इन्सर्ट इनटू वक्कल (गाडी, शेतकरी, गोण्या) व्हॅल्यूज (११, ९९९९, २५);

इथे फॉरिन कीची एरर येईल, कारण ९९९९ कोडाचा शेतकरी नाही. पुढे:

रोलबॅक टू सेव्हपॉइंट ओळ;
इन्सर्ट इनटू अडकलेल्या (गाडी, कोड, गोण्या, कारण) व्हॅल्यूज (११, '९९९९', २५, 'शेतकरी सापडला नाही');
रिलीज सेव्हपॉइंट ओळ;

कमिट;

हे करताना प्रॉम्प्टकडे लक्ष ठेवा. बिगिन म्हटल्यावर तिथे तारांकन दिसतं: ट्रान्झॅक्शन चालू आहे. एरर आली की तारांकनाच्या जागी उद्गारचिन्ह येतं: ट्रान्झॅक्शन मेलं आहे, आता काहीही सांगितलं तरी ऐकणार नाही. रोलबॅक टू सेव्हपॉइंट दिलं की पुन्हा तारांकन. मेलेलं ट्रान्झॅक्शन खुणेपाशी येऊन जिवंत झालं.

आता हाच प्रयोग सेव्हपॉइंटशिवाय करा. एररनंतर साधा सिलेक्टसुद्धा नाकारला जातो. पोस्टग्रेस कळवतं की चालू ट्रान्झॅक्शन रद्द झालं आहे आणि ब्लॉक संपेपर्यंत आज्ञा दुर्लक्षित केल्या जातील. या एररचा कोड २५पी०२. अशा अवस्थेत कमिट दिलंत तर एरर येत नाही. उत्तर म्हणून ‘रोलबॅक’ हा शब्द येतो आणि काम संपतं. ज्या प्रोग्रामने ते उत्तर वाचलंच नाही त्याला वाटतं नोंद झाली. ‘सेव्ह तर केलं होतं, गेलं कुठे’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथे सापडतं.

तीन आज्ञांचा खरा अर्थ

सेव्हपॉइंट म्हणजे खूण, एवढं सोपं आहे. रोलबॅक टू आणि रिलीज यांच्याबद्दल मात्र गैरसमज पुष्कळ.

रोलबॅक टू सेव्हपॉइंटने खुणेनंतरचं काम जातं, पण खूण तिथेच राहते. तिच्याकडे पुन्हा पुन्हा मागे येता येतं. त्या खुणेनंतर केलेल्या इतर खुणा मात्र नाहीशा होतात. खूण तशीच उरते म्हणून वरच्या उदाहरणात अडकलेल्या ओळीची नोंद केल्यावरही रिलीज दिलं आहे.

रिलीज म्हणजे कमिट नव्हे. रिलीजने फक्त खूण पुसली जाते आणि तिच्यानंतरचं काम बाहेरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये मिसळतं. नंतर कमिटच्या आधी वीज गेली किंवा शेवटी साधा रोलबॅक झाला, तर रिलीज केलेलंही सगळं गेलं. दुसऱ्या काउंटरवरच्या माणसाला रिलीज केलेली वक्कलं कमिट होईपर्यंत दिसतही नाहीत.

मग लूपमध्ये रिलीज न देता त्याच नावाची खूण पुन्हा केली तर? पोस्टग्रेसमध्ये जुनी खूण पुसली जात नाही. नवी तिच्या आत, तिला झाकून बसते. रोलबॅक टू दिलं की सर्वांत नवी खूण सापडते, त्यामुळे निकाल बरोबरच येतो आणि कोणाला शंका येत नाही. आत मात्र एकात एक अशी उतरंड वाढत जाते. सात वक्कलांना काही फरक पडत नाही. हजारो ओळींची फाइल चढवताना मेमरी आणि वेग दोन्हीवर परिणाम होतो. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये त्याच नावाची नवी खूण केली की जुनी जाते, म्हणून तिकडून आलेल्या माणसाच्या हातून इकडे हे हमखास राहतं.

आणखी एक सापळा, माझ्या मते सर्वांत वाईट. ‘टू सेव्हपॉइंट ओळ’ लिहायचं राहिलं आणि नुसतं रोलबॅक गेलं, तर अख्खं ट्रान्झॅक्शन संपतं. गाडीची ओळ गेली, हमाली गेली. पण प्रोग्राम थांबत नाही. आता ऑटोकमिट चालू असेल तर पुढची प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे कायम होते. पोस्टग्रेस निदान पुढच्या सेव्हपॉइंटला हरकत घेतं, कारण तो ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्येच चालतो. मायएसक्यूएल ऑटोकमिटमध्ये सेव्हपॉइंट मुकाट घेतो आणि लगेच विसरतो. नंतर रोलबॅक टू दिल्यावर १३०५ क्रमांकाची एरर देतो की असा सेव्हपॉइंट नाही. ती एरर दिसली तर सेव्हपॉइंटच्या नावात चूक शोधत बसू नका. ट्रान्झॅक्शन आधीच कुठे संपलं ते शोधा.

तिसरी पायरी: लूप लिहिणे

क्रम असा ठेवा. ट्रान्झॅक्शन सुरू करा. गाडी आणि हमाली नोंदवा. मग प्रत्येक वक्कलासाठी खूण करा, तीन नोंदी करा, सगळं ठीक असेल तर खूण सोडा. एरर आली तर आधी एररचा कोड आणि मजकूर एका व्हेरिएबलमध्ये घ्या, मग खुणेपर्यंत मागे या, मग अडकलेल्या टेबलात कारणासह ओळ लिहा, मग खूण सोडा. लूप संपल्यावर गोण्यांची बेरीज तपासा आणि कमिट करा.

कारणाची ओळ मागे येण्याच्या नंतरच लिहायची, हा क्रम उलटा करू नका. पोस्टग्रेसमध्ये आधी लिहिताच येणार नाही. मायएसक्यूएलमध्ये लिहिता येईल, आणि पुढच्याच क्षणी ती ओळही खुणेमागे पुसली जाईल. वक्कलही नाही आणि ते का नाही याची नोंदही नाही, असा कारभार होईल.

कोणत्या एरर पकडायच्या ते नावानिशी ठरवा. फॉरिन की तुटली तर २३५०३, डुप्लिकेट २३५०५, चेकची अट मोडली तर २३५१४, आकड्याच्या जागी अक्षरं आली तर २२पी०२. या माणसाच्या टंकलेखनाच्या चुका आहेत आणि त्या त्या ओळीपुरत्याच आहेत. बाकी कुठलीही एरर आली तर ट्रान्झॅक्शन जाऊ द्या. विशेषतः ४०००१ ही सीरियलायझेशनची एरर (एकाच वेळी चाललेल्या ट्रान्झॅक्शनांचा मेळ न बसणं) आणि ४०पी०१ हा डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट बघत अडकणं) यांना ओळ बाजूला ठेवून उत्तर देता येत नाही. गाडीची नोंद पहिल्यापासून पुन्हा चालवायची. डिस्क भरली म्हणून सात वक्कलं ‘अडकलेली’ ठरली आणि कमिट झालं, तर सकाळी मेहताजी शेतकऱ्यांना फोन करकरून कोड विचारत बसतील, आणि कोड सगळे बरोबरच असतील. सगळ्या एरर गिळणारा एकच पकड-ब्लॉक इथे सर्वांत जास्त नुकसान करतो.

हा लूप डेटाबेसच्या आतच, पोस्टग्रेसच्या पीएल-पीजीएसक्यूएल या भाषेत लिहायचा असेल तर तिथे सेव्हपॉइंट ही आज्ञा थेट चालत नाही. बिगिन, एक्सेप्शन, एंड असा ब्लॉक लिहायचा. एक्सेप्शन असलेला प्रत्येक ब्लॉक आत शिरताना स्वतःच खूण करतो आणि एरर आली तर तिथवर मागे येतो. क्रम आणि शिस्त तीच.

जे मागे येत नाही

खुणेपर्यंत मागे आलो म्हणजे जग पूर्ववत झालं असं नाही.

पहिली गोष्ट क्रमांकांची. सीक्वेन्समधून (पुढचा क्रमांक देणाऱ्या यंत्रणेतून) घेतलेला आकडा परत जात नाही, मग सेव्हपॉइंटवर मागे या किंवा अख्खं ट्रान्झॅक्शन रद्द करा. मायएसक्यूएलच्या ऑटो-इन्क्रिमेंटचंही तसंच. वक्कलाच्या नोंदीतच पट्टीचा क्रमांक सीक्वेन्समधून घेतला असेल, तर प्रत्येक अडकलेल्या ओळीमागे एक क्रमांक वाया जाईल आणि हिशेब तपासणारा विचारेल की मधली पट्टी कुठे आहे. ज्या क्रमांकात खंड चालत नाही तो सीक्वेन्सवर सोपवू नका. त्यासाठी एका ओळीचं मोजणी-टेबल ठेवा आणि ती ओळ अपडेट करून आकडा घ्या. हा बदल खुणेबरोबर मागे येतो. त्याची किंमत अशी की तुमचं कमिट होईपर्यंत दुसरा काउंटर त्या ओळीपाशी थांबून राहतो. म्हणून पट्टीचा क्रमांक नोंदीच्या वेळी न देता पट्टी छापताना, छोट्या वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये दिलेला बरा.

दुसरी, डेटाबेसबाहेर गेलेलं काहीही. शेतकऱ्याला ‘तुमच्या २५ गोण्या पोहोचल्या’ असा एसएमएस लूपमध्येच पाठवला तर तो परत बोलावता येत नाही. संदेश कमिटनंतरच पाठवा. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये कमिटनंतर चालवायची कामं नोंदवण्याची सोय आहे, आणि खुणेनंतर नोंदवलेलं काम खूण मागे घेतली की आपोआप गळतं. त्याच जँगोमध्ये मेमरीतला ऑब्जेक्ट मात्र जुन्या रूपात येत नाही. डेटाबेसमध्ये नसलेला आयडी तो अभिमानाने मिरवत राहतो.

तिसरी, लॉक, म्हणजे दुसऱ्याने ओळ बदलू नये म्हणून धरलेला ताबा. पोस्टग्रेसमध्ये खुणेनंतर घेतलेले लॉक मागे आल्यावर सुटतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनमध्ये रोलबॅक टू केलं तरी खुणेनंतर घेतलेले रो-लॉक तसेच धरून ठेवले जातात. वक्कल बाजूला काढलं, तरी त्या शेतकऱ्याच्या खात्यावर घेतलेला लॉक गाडीचं कमिट होईपर्यंत तसाच. त्यामुळे सेव्हपॉइंट घालून गर्दी कमी होईल ही आशा तिथे ठेवू नका.

वेळ सांगणारं नाऊ हे फंक्शनही पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळच देत राहतं. खुणांशी त्याला देणंघेणं नाही.

डेटाबेस बदलला की

पोस्टग्रेस आणि बाकीचे यांच्यात मूळ स्वभावाचा फरक आहे. पोस्टग्रेसमध्ये एक आज्ञा अडली की ट्रान्झॅक्शन मरतं, म्हणून तिथे सेव्हपॉइंट जीव वाचवतो. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये अडलेली आज्ञा तेवढी मागे जाते, ट्रान्झॅक्शन चालूच राहतं. म्हणून तिकडचे लोक विचारतात की मग खूण हवीच कशाला. हवी, कारण आपल्या वक्कलाच्या नोंदी तीन आहेत. तिसरी अडली तर पहिल्या दोन तशाच राहतात, लूप पुढे सरकतो, आणि कमिट झालं की अर्धं वक्कल कायमचं साठ्यात. पोस्टग्रेसच्या हट्टीपणाबद्दल लोक कुरकुरतात. मला तो हट्टीपणाच आवडतो, कारण अर्धवट नोंद तिथे निसटत नाही.

मायएसक्यूएलमध्ये आणखी दोन गोष्टी सांभाळा. डेडलॉक झाला तर तिथे संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे जातं, खुणांसकट. आणि क्रिएट टेबल किंवा ऑल्टर टेबलसारखी आज्ञा मध्ये आली की न सांगता कमिट होतं, ओरॅकलमध्येही तसंच. अडकलेल्या ओळींचं टेबल ‘लागेल तेव्हा बनवू’ म्हणून लूपमध्ये बनवलंत तर खुणा आणि ट्रान्झॅक्शन दोन्ही हातचे गेले. टेबल इनोडीबीचं आहे ना, तेही बघा. जुनं मायआयसॅम असेल तर रोलबॅकच नाही.

ओरॅकलमध्ये रिलीज ही आज्ञा नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येही नाही. तिथे खुणेला सेव्ह ट्रान्झॅक्शन म्हणतात आणि मागे यायला रोलबॅक ट्रान्झॅक्शन आणि खुणेचं नाव. तिथे एक्सॅक्ट-अबॉर्ट हे सेटिंग चालू असेल तर बहुतेक एररनंतर ट्रान्झॅक्शन कमिट न होण्याजोगं ठरतं आणि खुणेपर्यंतही येता येत नाही. त्यामुळे पकड-ब्लॉकमध्ये आधी एक्सॅक्ट-स्टेट (ट्रान्झॅक्शनची अवस्था सांगणारं फंक्शन) तपासायचं. उत्तर उणे एक आलं तर सगळं मागे घेण्याखेरीज मार्ग नाही.

एसक्यूलाइटची गंमत वेगळी. तिथे बिगिन न म्हणताही सेव्हपॉइंट करता येतो. तोच ट्रान्झॅक्शन सुरू करतो, आणि सर्वांत बाहेरचा सेव्हपॉइंट रिलीज करणं म्हणजे कमिट. मोबाइल ॲपमधलं एसक्यूलाइटचं कोड सर्व्हरवर उचलून आणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

फ्रेमवर्क वापरत असाल तर

जँगोमध्ये ॲटॉमिक ब्लॉकच्या आत दुसरा ॲटॉमिक ब्लॉक लिहिला की आतला सेव्हपॉइंट होतो. रेल्समध्ये आतल्या ट्रान्झॅक्शनला रिक्वायर्स-न्यू सांगावं लागतं, एसक्यूएल-अल्केमीमध्ये बिगिन-नेस्टेड आहे, लाराव्हेलमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत ट्रान्झॅक्शन चालतं.

जँगोत ट्राय बाहेर आणि ॲटॉमिक आत, हाच क्रम. उलटं केलं, म्हणजे ॲटॉमिकच्या आतच एरर पकडून गिळली, तर जँगोला काही बिघडलं हे कळतच नाही. तो निवांतपणे खूण सोडायला जातो आणि मेलेल्या ट्रान्झॅक्शनवर आपटतो.

पण जँगो आणि पोस्टग्रेसच्या जोडीत खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती चाचणीत सहसा दिसत नाही. पोस्टग्रेसवर जँगो फॉरिन की बनवतो त्या डिफर्ड असतात, म्हणजे तपासणी थेट बाहेरच्या कमिटच्या वेळी. आपला ९९९९ कोड वक्कल टेबलात विनातक्रार जातो, खूण सुटते, लूप पुढे जातो, सातही वक्कलं ‘बरोबर’ ठरतात आणि शेवटी कमिटवर अख्खी गाडी कोसळते. ज्यासाठी सेव्हपॉइंट घातला तेच साधत नाही. उपाय दोन. आतला ब्लॉक संपण्याआधी सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट ही आज्ञा चालवा. तपासणी तिथेच होते आणि एरर खुणेच्या आत येते. नाहीतर शेतकऱ्याचा कोड आधी सिलेक्टने शोधा आणि नसेल तर स्वतः एरर उठवा. मला पहिला उपाय बरा वाटतो, कारण तो बाकीच्या फॉरिन कींनाही पुरतो.

जावाच्या स्प्रिंगमध्ये नेस्टेड आणि रिक्वायर्स-न्यू यांत लोक घोळ करतात. नेस्टेड म्हणजे सेव्हपॉइंट. रिक्वायर्स-न्यू म्हणजे वेगळं ट्रान्झॅक्शन, तेही दुसऱ्या कनेक्शनवर. अजून कमिट न झालेली गाडी त्याला दिसत नाही, आणि ते एकदा कमिट झालं की बाहेरचं रद्द झालं तरी राहतं. वक्कलासाठी ते चुकीचं आहे. ‘कोणी, केव्हा प्रयत्न केला’ अशी लॉगची नोंद, जी गाडी रद्द झाली तरी हवी, तिच्यासाठी ते बरोबर.

किंमत, आणि कधी वापरू नये

पोस्टग्रेसमध्ये लिहिणारा प्रत्येक सेव्हपॉइंट एक उप-ट्रान्झॅक्शन होतो आणि त्याला स्वतःचा ट्रान्झॅक्शन क्रमांक मिळतो. प्रत्येक सेशन असे ६४ क्रमांक हाताशी ठेवतं. रिलीज केलेलेही त्यात मोजले जातात. त्यापुढे गेलं की बाकीच्या सेशनना कोणती ओळ दिसावी हे ठरवायला दुसऱ्या साठ्यात शोधावं लागतं, आणि त्याच वेळी एखादं लांबलेलं ट्रान्झॅक्शन चालू असेल तर सगळा सर्व्हर मंदावू शकतो. गिटलॅबने २०२१ मध्ये याच कारणाने आपल्या कोडातले उप-ट्रान्झॅक्शन शोधून काढून टाकल्याचं जाहीरपणे लिहिलं होतं. पोस्टग्रेस १६ पासून पीजी-स्टॅट-गेट-बॅकएंड-सबएक्सॅक्ट हे फंक्शन कोणत्या सेशनची मर्यादा ओलांडली ते दाखवतं.

एका गाडीला सात-आठ वक्कलं, तिथे काळजी नको. पण वर्षभराच्या जुन्या नोंदी एक्सेलमधून चढवायच्या आहेत आणि ओळी वीस हजार आहेत, तर ओळीगणिक सेव्हपॉइंट ही वाईट निवड. अशा वेळी कुठलंही बंधन नसलेलं, सगळे रकाने मजकुराचे असलेलं एक तात्पुरतं टेबल करा. फाइल त्यात ओता. एका क्वेरीने शेतकरी सापडत नाही अशा ओळी वेगळ्या काढा, दुसरीने आकडे नसलेल्या. उरलेल्या एका इन्सर्ट-सिलेक्टने मूळ टेबलांत. सेव्हपॉइंट शून्य, आणि चुकांची यादी आधीच हातात.

अडचण फक्त डुप्लिकेटची असेल तर इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग जोडा. ते पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. फॉरिन कीच्या चुकीला ते उपयोगी नाही. पोस्टग्रेस १७ मध्ये कॉपी आज्ञेला एरर आलेल्या ओळी वगळायला सांगता येतं, पण तेही रकान्याच्या प्रकारात न बसणाऱ्या मजकुरापुरतंच.

आणि खूण केल्यावर माणसाच्या उत्तराची वाट बघू नका. ‘कोड चुकला, दुरुस्त करता का?’ असा प्रश्न स्क्रीनवर ठेवून ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं आणि मेहताजी चहाला गेले, तर लॉकही तेवढा वेळ धरलेलेच. ओळ बाजूला लिहा, कमिट करा, मग विचारा.

टर्मिनलवर हाताने दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक सोय: पीएसक्यूएलमध्ये ऑन-एरर-रोलबॅक हे सेटिंग इंटरॲक्टिव्ह ठेवलं की ट्रान्झॅक्शनमधल्या प्रत्येक आज्ञेआधी तो स्वतःच खूण करतो. एका स्पेलिंगच्या चुकीने अर्ध्या तासाची दुरुस्ती जात नाही. जावाच्या पोस्टग्रेस ड्रायव्हरमध्ये ऑटोसेव्ह नावाचं असंच सेटिंग आहे. ते मात्र विचार करून वापरा, कारण वरची सगळी किंमत तिथे प्रत्येक क्वेरीला लागते.

चाचणी

बरोबर डेटा देऊन सेव्हपॉइंट तपासता येत नाही. मुद्दाम बिघडवलेल्या गाड्या तयार करा: पहिलंच वक्कल चुकलेली, शेवटचं चुकलेली, लागोपाठ दोन चुकलेली, सगळीच चुकलेली. लागोपाठ दोनवाली सर्वांत उपयोगी. पहिल्या एररनंतर पुढच्या वक्कलासाठी नवी खूण झाली नसेल, तर दुसऱ्या एररला पहिल्याची अडकलेली ओळही पुसली जाते आणि चूक तिथेच उघडी पडते. एका चाचणीत साठ्याची नोंद होऊ द्या आणि भाड्याची नोंद अडवा. साठा मूळ आकड्यावर आला पाहिजे. आणखी एकीत कमिटच्या अगदी आधी कनेक्शन तोडा. गाडी, हमाली, अडकलेल्या ओळी, काहीच उरता कामा नये. प्रत्येक वेळी हमालीची नोंद गाडीबरोबर आहे किंवा गाडीबरोबरच नाही, एवढं बघा.

राहिली बाजूला ठेवलेली वक्कलं. शेतकऱ्याचा फोन आला, खरा कोड ४२० निघाला, तर नवं ट्रान्झॅक्शन सुरू करायचं: अडकलेल्या टेबलातली ती ओळ फॉर अपडेटने धरायची म्हणजे दुसऱ्या काउंटरवरून तीच कोणी चढवणार नाही, वक्कलाच्या तीन नोंदी करायच्या, त्या ओळीवर ‘निकाली’ आणि तारीख घालायची, कमिट. इथे सेव्हपॉइंट नको. चारांपैकी काहीही अडलं तर चारही परत जावेत, आणि ओळ पुन्हा अडकलेल्यांत दिसावी. हमाली पुन्हा लावायची नाही. ती गाडीबरोबरच लागली आहे.